सावळीरामची पाटी

जुन्या नाशकातल्या तांबट आळीत चिमाजीने चाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. आळीच्या तोंडाशी एक ओटा, त्यावर पोत्याची घडी, हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. लग्नातली ताटं, बारशाच्या वाट्या, देवळाला दिलेल्या घागरी, सगळं त्याच्या मांडीवरून गेलं. मजकूर ठरलेला असायचा. जिवंत माणसाने दिलेलं असेल तर 'यांजकडून', गेलेल्याच्या नावाने असेल तर आधी 'कै.' आणि शेवटी 'स्मरणार्थ'. गिऱ्हाईक चिठ्ठी देऊन चहाला जाई आणि याचा हात आपला आपण चाले.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास दुकानदारांनी नावं टाकायची विजेवरची यंत्रं आणली. भांडं घ्या, नाव फुकट. चिमाजीचं काम बसलं. तरी तो रोज ओट्यावर यायचा, कारण समोर सावळीराम तांबट पाणी तापवायचे बंब ठोकत असे. दोघांचं बोलणं बेताचंच. पण त्या ठोक्यांवर चिमाजीचा दिवस सरायचा. मग घरोघरी गिझर आले. २००४च्या दिवाळीनंतर सावळीरामने भट्टी विझवली, दाराला कुलूप घातलं आणि तो मुलाकडे इंदिरानगरला राहायला गेला. "येत जाईन," म्हणाला होता. आला नाही. ती शांतता चिमाजीला सोसेना, पण सांगणार कुणाला?

पुढच्या उन्हाळ्यात तृप्ती आली. नाशिकचीच मुलगी, पुण्यात डिझाइन शिकलेली. आळीतल्या बारा घरांवर तांब्याच्या पाट्या लावायच्या, कुठे कोण राहायचं, काय घडवायचं ते त्यावर लिहायचं आणि दर रविवारी लोकांना आळीतून फिरवत गोष्टी सांगायच्या, असा तिचा बेत. कॉम्प्युटरमधली अक्षरं तिला नको होती. चिमाजीची हवी होती, टिंबाटिंबांची, जराशी डावीकडे कललेली.

"काका, लोक पुन्हा या आळीत येतील," ती म्हणाली.

लोकांचं चिमाजीला फारसं काही नव्हतं. असे उत्साही लोक त्याने बरेच पाहिले होते. ते फोटो काढतात, चहा पितात आणि जातात. त्याने एवढंच विचारलं, "सावळीरामच्या दाराला पण पाटी का?"

"हो. त्यांना मी फोन करून बोलावणार आहे."

म्हणून त्याने काम धरलं. स्वतःच्या नावाची पाटी बघायला तरी सावळीराम येईल, मग एखादा दिवस बसेल, एवढीच त्याची आशा होती. दोन महिने तो छिन्नी चालवत होता. डोळ्यांना पाणी यायचं, बोटं आखडायची. अकरा घरांची माणसं खरोखरच गेलेली, त्यांच्या पाट्या ठरल्याप्रमाणे झाल्या. बारावी सावळीरामची. तृप्तीच्या कागदावर होतं, 'सावळीराम तांबट येथे बंब घडवीत असत.' थकलेल्या चिमाजीने तो 'असत' वाचला आणि पुढचं सवयीच्या हाताने केलं. पाट्या शनिवारी संध्याकाळी घाईघाईत लागल्या. नीट वाचून बघायला कुणाला सवड झाली नाही.

रविवारी सकाळी तीस-चाळीस माणसं आली. त्यांच्यामागून, इस्त्रीचा सदरा घातलेला, वाळलेला सावळीराम आला. स्वतःच्या दारापुढे उभा राहून त्याने पाटी वाचली. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

'कै. सावळीराम तांबट.'

तृप्तीचा चेहरा पडला. चिमाजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मित्र परत यावा म्हणून केलेल्या पाटीवर आपणच त्याला मारून ठेवलं.

"सावळ्या, चुकलं रे माझं," तो म्हणाला.

"इंदिरानगरात मला कुणी नावानं ओळखत नाय. बबनचे वडील, एवढंच," सावळीराम म्हणाला. "तू मेलो म्हणून सांगितलंस, पण निदान नाव घालून तरी."

त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आतून ऐरण आणि हातोडी आणली. पाटी खाली उतरवली, उलटी धरली आणि 'कै.'वर मागून ठोकायला बसला. सात-आठ महिन्यांनी आळीत तो आवाज घुमला. आलेल्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमाजी ओट्यावर बसून खाली मान घालून ऐकत होता.

ठोके थांबले. तो 'कै.' दबला होता, पण पुसट दिसत होता.

"मी नवीन पाटी करून घेते, आजोबा," तृप्ती म्हणाली.

"राहू दे. चिमाजी, वेळ आली की हेच अक्षर परत गिरव. सोपं पडंल तुला."

चिमाजीने छिन्नी पिशवीत टाकली. "माझ्यानं नाय व्हायचं ते. मी नाय करणार."

सावळीराम हातोडी चिमाजीच्या ओट्यावर ठेवून रिक्षाकडे वळला.

"सांभाळून ठेव," तो म्हणाला. "रविवारी लागंल."