डावीकडचा राक्षस

माझ्या थोरल्या भावाला लोखंडाच्या यार्डात सगळे 'घार' म्हणतात. क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर बसून तो लोखंडी तुळई उचलतो आणि हव्या त्या जागी अलगद ठेवतो, जणू झोपलेलं बाळच पाळण्यात ठेवतोय. खाली त्याचा जोडीदार लंबू उभा असतो. तो तुळईला हुक लावतो, हाताने इशारे करतो, आणि लटकती तुळई डोक्यावरून जाताना वर बघतसुद्धा नाही. "घार बसलीय ना वर!" म्हणतो. इतका विश्वास आमच्या वहिनीचाही दादावर नाही.

उंचीला न भिणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र हौसेने भीती ओढवून घेतो. पडदे बंद करायचे, नाक स्क्रीनला टेकेल इतकं जवळ बसायचं आणि तो जुना बंदुकीचा खेळ लावायचा. स्क्रीनवर फक्त आपली बंदूक, पुढे अंधारे बोगदे आणि त्यांत गुरगुरणारे राक्षस. मी तर नुसत्या आवाजाने कान झाकून घेते. दादाला मात्र तो खेळ तोंडपाठ. कुठल्या दाराआड कोण दबा धरून बसलाय हे आधीच ठाऊक, त्यामुळे राक्षसाने तोंड उघडायच्या आत तो आडवा. म्हणूनच लंबूने त्याला त्या खेळाचं एक्स्पान्शन, म्हणजे नवा जोडभाग, आणून दिलं. बंदूक तीच, राक्षस तेच, पण बोगदे सगळे नवे आणि महाकठीण. "खरी घार असशील तर हे पार करून दाखव," असं डिवचलंही.

त्या रविवारी वहिनीने मला दादाला जेवायला बोलवायला पाठवलं, तर हा पहिल्याच बोगद्यात पुन्हा पुन्हा मरत होता.

"ताटं वाढलीत, चल."

"थांब गं. हे बनवणारा कोण चक्रम आहे कुणास ठाऊक. राक्षस हवेतून टपकतात."

"नाचता येईना अंगण वाकडं," म्हणत मी पलंगावर बसले.

दादा बोगद्यात शिरला. डाव्या हाताला एका खांबापाशी शिंगांचा एक राक्षस उभा होता. लपलेला नव्हता, चांगला उजेडात होता. तो सावकाश पुढे यायला लागला, तशी मी पाय वर ओढून घेतले.

"दादा, डावीकडे!"

"कुठे?"

"अरे, तो काय! खांबापाशी!"

त्याने मान वळवेपर्यंत स्क्रीन लाल झाली.

"बघितलंस? हवेतून!" दादा ओरडला.

मी खो खो हसले. त्याने पुन्हा सुरू केलं. उजवीकडून आलेले दोन राक्षस त्याने पापणी लवायच्या आत लोळवले. डावीकडचा मात्र अगदी जवळ आला तरी दादा समोरच बघत राहिला. माझं हसू जागच्या जागी विरलं. गेल्या महिन्यात याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला होता. जेवताना डावीकडचा पेला तर नेहमीच कलंडायचा, आणि आम्ही सगळे त्याला वेंधळा म्हणून चिडवायचो.

"जुना खेळ लाव बरं," मी म्हणाले.

त्याने लावला. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे पटापट मारले. "दिसतं की मला!"

"दादा, ते यायच्या आधीच तू गोळी झाडतोस. ते पाठ आहेत तुला."

"काहीतरीच बोलतेस," म्हणत त्याने खेळ बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डाव्या बाजूला उभी राहा. मी समोर भिंतीकडे बघतो. हात वर केलास की सांगतो."

मी उभी राहिले. हात वर केला. दादा भिंतीकडे बघत होता. मी बोटं हलवली. देवा, याला दिसू दे, एवढंच मी मनात घोकत होते.

"अगं, कर की वर!" तो वैतागला.

"कधीचा वर आहे, दादा."

त्याने मान वळवली. माझा हात बघितला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाला घाबरलेलं बघत होते, आणि त्या राक्षसांपेक्षा मला त्याच्या त्या चेहऱ्याचीच जास्त भीती वाटली.

"उद्यापासून आमची क्रेन नव्या यार्डात जातेय," तो हळूच म्हणाला. "तिथलं मला काहीच पाठ नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून हाका मारत होती.

"खाली लंबू कुठे उभा असतो, माहीत आहे?"

मला ऐकायचं नव्हतं. मी मान फिरवली.

"डावीकडे. पहिल्यापासून."

त्याने फोन उचलला. मला वाटलं मुकादमाला लावतोय. पलीकडून लंबूचा आवाज खोलीभर घुमला, "काय घार, पहिल्याच बोगद्यात अडकलास ना?"

लंबू हसत होता, टोमणे मारत होता, आणि दादा डोळे मिटून नुसता ऐकत होता.

"अरे, बोल की! आहेस का?"

"उद्या मी वर चढणार नाही," दादा म्हणाला. "मुकादमाला तसं सांगतो."

"का रे? बरं नाही का?"

"लंबू, तू मला दिसत नाहीस."