एस्तेलेचं रिकामं मडकं

एस्तेले कापासा फटकळ होती, आणि लुसाकाच्या काबवाता वस्तीत हे कुणाला नव्याने सांगायची गरज नव्हती. खाटकाच्या दुकानासमोर बायकांनी पहारा द्यायचं ठरलं, तेव्हा पुढे कोण उभं राहणार यावर फारशी चर्चाच झाली नाही.

भांडण दुकानाच्या भिंतीतल्या भोकाचं होतं. गोऱ्या मडमा दारातून आत जात, बोट दाखवून तुकडा निवडत. आपण काळ्यांनी बाजूच्या गल्लीत रांग लावायची, भोकातून पैसे आत सरकवायचे आणि कागदात गुंडाळून जे येईल ते मुकाट घरी न्यायचं. पुडीत कधी नुसती हाडं, कधी नाक धरावं असला वास. आमच्या आफ्रिकन काँग्रेसच्या सभेत ठरलं की भोक बंद होईपर्यंत गुराचं मांस घ्यायचं नाही. पुरुषांनी हात वर केले. टोपल्या तपासायचं काम अर्थात बायकांकडे आलं.

पहिल्याच आठवड्यात एस्तेलेने एका बाईच्या टोपलीतली पुडी काढून धुळीत फेकली. ती बाई निघाली एनेलेसी, लुपियाची आत्या. आणि लुपियाशी एस्तेलेच्या मुलीचं, मुसोंडाचं लग्न ठरलेलं.

"जावयाला चूल दाखवायला याल ना?" एनेलेसी म्हणाली. "तेव्हा बघते तुझ्याकडे."

आमच्यात जावई सासूच्या हातचं एकदम खात नाही. आधी मुलीकडच्या बायका एकेक पदार्थ रांधतात, मडकी डोक्यावर घेऊन गात गात त्याच्या दारी जातात आणि झाकणं उघडून दाखवतात. जे दाखवलं ते त्याला सासरी खाता येतं. जे राहिलं ते नाही. मांस राहिलं म्हणजे जावयाची किंमत केली नाही. तेवढ्यावरून मोडलेली लग्नं सगळ्यांना ठाऊक होती.

"माझा गोरा साहेब दारातून आणून देईल," एस्तेलेचा नवरा योना म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मडकं उघडल्यावर अख्ख्या वस्तीला कळेल. डोकं कुठे ठेवून आलास?"

"मग त्यात कोंबडं घाल."

"कोंबड्याचं मडकं वेगळं असतं."

मुसोंडाचे डोळे रडून रडून लाल झाले होते. "आई, हे लग्न मोडलं तर त्या भोकाशीच लावून दे माझं!"

हे एस्तेलेच्या जिव्हारी लागलं. तिने मांसाचं मडकं घासायला घेतलं.

ठरल्या दिवशी वाजतगाजत मडकी गेली. एनेलेसी पुढ्यातच मांडी ठोकून बसली होती. मक्याच्या पिठाच्या उब्वालीचा उंडा, वाळवलेल्या अळ्या, मासळी, शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला, कोंबडं, सगळं पाहून झालं. शेवटचं झाकण निघालं. आत काही नव्हतं.

"आमच्या पोराला वारा वाढणार का, विहीणबाई?" एनेलेसीने विचारलं.

"हे मांसाचं मडकं," एस्तेले म्हणाली. "भोकातून येतं ते मलाच आधी बघायला मिळत नाही, मग जावयाला काय दाखवू? दारातून जाईन, बघून घेईन, त्या दिवशी भरेन. तोवर माझ्या घरी त्याला मांस नाही. मोडायचं असेल तर मोडा."

लुपिया मान खाली घालून बसला. त्या दिवशी नवऱ्या मुलाने बोलायचं नसतं. एनेलेसीने मडक्यात हात घालून तळ चाचपला, सावकाश झाकण ठेवलं.

"पहाऱ्याला कधी उभ्या राहता?"

"उजाडल्यावर. का?"

"माझ्या पोराचं मांस अडलंय. घरी बसून राहू? आणि टोपल्या मी तपासेन. तुझा हात फार जड आहे."

लग्न झालं. पहाराही चालू राहिला. काही बायका पकडल्या गेल्या, सुटल्या, परत आल्या. शेवटी शहरभरच्या दुकानांतली भोकं बंद झाली. देशाची मागणी, स्वातंत्र्याची, याहून मोठी होती, तिला आणखी बरीच वर्षं लागली. पण काबवाताच्या बायकांना सरकारला नमवता येतं हे इथेच कळलं.

आपल्यासाठी दार उघडलं त्या सकाळी दोघी विहिणी बरोबर आत शिरल्या. खाटकाने फळीवर एक तुकडा ठेवला. एस्तेले बघत राहिली.

"उलटा करा."

त्याने केला.

"नको. दुसरा दाखवा."

"अगं, हाच चांगला होता," एनेलेसी कुजबुजली.

"माहितेय मला," एस्तेले म्हणाली, आणि भर दुकानात तिला रडू फुटलं. "मला एकदा 'नको' म्हणून बघायचं होतं."