गुरुजींची मोरपंखी आणि आमचा हार

खिल्लारे गुरुजींच्या एकसष्टीच्या अंकासाठी चार गोड शब्द लिहा, असा समितीचा निरोप आला. समितीत मीही आहे, तेव्हा निरोप माझा मलाच आला म्हणा. समारंभ होऊन महिना झाला, अंक मागून निघतो आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गोड शब्दांचं काय ते इतरांनी पाहावं.

गुरुजींची पहिली ओळख झाली, तीही रागातच. हिंगोलीच्या शाळेत मी नवी शिक्षिका. कुंपणाजवळच्या सुरूकडे बोट दाखवून मी मुलांना ठणकावून सांगितलं, हे सूचिपर्णी झाड. शेजारच्या वर्गात गुरुजी विज्ञान शिकवीत होते. मुलांसमोर ते अवाक्षर बोलले नाहीत. मधल्या सुटीत मात्र रुमालात दोन डहाळ्या गुंडाळून माझ्याकडे आले. सुरूची हिरवी काडी त्यांनी हलकेच ओढली, तशी ती सांध्यावर सुटली.

"ही सुई न्हाई बाई, बारकी फांदी हाय. खरं पान सांध्यावर, दातावानी," ते म्हणाले.

दुसरी डहाळी मोरपंखीची होती, खऱ्या सूचिपर्णींच्या कुळातली, चपटी, खवल्याखवल्यांची, चुरगाळली की वास सुटणारी. हे कोण मला शिकवणारे, म्हणून मी दिवसभर धुमसत होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात चूक दुरुस्त केली, आणि रविवारी त्यांची बाग पाहायला गेले.

स्टेशनामागच्या त्यांच्या अंगणात तेव्हा या कुळातल्या तीन जाती होत्या. अरौकेरियाच्या फांद्यांचे मजले मोजावेत, जुनिपरला हात लावला की तो टोचतो आणि मोरपंखीची पानं वहीच्या पानांसारखी उभी लागतात, एवढ्यावर ओळखायचं. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून या झाडांची मुळं कुजतात. म्हणून गुरुजींनी कयाधू नदीची वाळू सायकलवरून आणून विटांच्या तुकड्यांसह मातीत कालवली होती. मोरपंखी सर्वांत जुनी. हैदराबादला प्रशिक्षणाला गेले असताना तिचं वीतभर रोप त्यांनी डब्यात लावून, मांडीवर धरून रेल्वेने आणलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते जेवून हात धूत, तेही तिच्या बुंध्याशी. साबण त्या वर्षी घरात फक्त कपड्यांपुरता होता, म्हणजे ते पाणी झाडाला बाधू नये.

आपल्याकडे मोरपंखीला पोरं विद्या म्हणतात आणि पुस्तकात ठेवतात. गुरुजी हसत म्हणायचे, ठेवून काही येत नाही, वाचून येतं. पण मागायला आलेलं लेकरू त्यांनी कधी परत पाठवलं नाही. नियम एकच होता. शेंड्याचं बोटभर खुडायचं, मागे हिरवं राहू द्यायचं. कारण तपकिरी लाकडापर्यंत कापलं की या झाडाला तिथे पुन्हा पालवी फुटत नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला हा नियम तोंडपाठ आहे. निदान मी तसं समजत होते.

समारंभासाठी लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत "हारासाठी मोरपंखी, दोन टोपल्या" असं लिहिलं होतं. अक्षर माझं. कुठून आणायची, ते मी लिहिलं नाही. गुरुजी सेनगावला लग्नाला गेलेले पाहून त्यांचेच चार विद्यार्थी, आमच्या समितीतले, कोयता घेऊन अंगणात शिरले. चौघेही आज मोठ्या पदांवर आहेत, आणि चौघांच्याही पाटीदप्तरात याच झाडाची विद्या होती! समारंभाच्या सकाळी मी गुरुजींना न्यायला गेले तेव्हा झाड बुंध्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत बोडकं होतं. वर तेवढा एक झुबका. गुरुजींच्या पत्नी रुक्मिणबाई दारात उभ्या होत्या.

"बाईनं पाठवलं म्हणले. तुमचं नाव सांगितलं म्हून म्या अडवलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समारंभ बंद करते, त्या चौघांना व्यासपीठावरच विचारते काहून कापलं म्हणून, असं मी बोलून गेले. गुरुजी कोटाची बटणं लावत होते. पोरं खूश आहेत, आज काही बोलायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं. मी बोलले नाही. त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

सत्काराचा हार लोक गळ्यात पडताक्षणी काढून टेबलावर ठेवतात. गुरुजींनी तो सगळी भाषणं संपेपर्यंत गळ्यात ठेवला. चौघांपैकी एकाने निसर्गप्रेमावर अर्धा तास भाषण केलं, तेव्हाही त्यांचा हात हारावरच फिरत होता. मला वाटलं, ते झाडाचा निरोप घेत आहेत. घरी आल्यावर त्यांनी हार परातीत ठेवला, हिरव्यात दडलेली वाळकी बोंडं वेचली आणि एकेक फोडून बी हातावर घेतलं.

"बाई, बी पिकलंय," ते म्हणाले. "राग आला असंल तर पाणी घालायला या."

बी पेरलं, तेव्हापासून रोज सकाळी जाते. समितीतल्या चौघांनाही ओढून नेते, आणि वाफ्यासाठी कयाधूची वाळू त्या चौघांनी स्वतः उचलून आणली आहे. काल बावीस रोपं उगवलेली दिसली, सगळी सुईएवढी. मोरपंखीला माणसाएवढं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. गुरुजी, त्यापुढे या झाडांना बोंडं धरतील, ती पिकतील आणि मागायला आलेल्या लेकराला बोटभर कुठून खुडायचं ते तुम्हीच दाखवाल. तोवर तुम्हाला ठणठणीत राहावंच लागेल. आमच्यावर झाड सोपवण्यासारखे आम्ही अजून झालेलो नाही.