घरमालकाची चिठ्ठी

डिचोलीत आमच्या घरासमोरच शाळा आहे, आणि शिक्षणावर बोलायला मला कुणी बोलवावं लागत नाही. एक रिक्षावाला ते सगळं ऐकून घ्यायचा. खाणी बंद पडण्यापूर्वी तो खनिजाचा ट्रक चालवायचा. अजूनही निघण्याआधी रिक्षाच्या तिन्ही टायरांना लाथ मारून बघतो, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो.

जूनमध्ये तो दारात ओरडला, "भाऊ, तुमच्या मागच्या खोलयेतल्या त्या कर्नाटकी गवंड्याच्या चेडवाक पयलीत घालूचा आसा. शाळेक घरमालकाची चिठ्ठी व्हयी."

इथे राहतात अशी चिठ्ठी दिली की भाडेकरू खोलीवर हक्क सांगतात, ही भीती मला वडिलांकडून खोलीसकट मिळालेली. खरं तर त्या गळक्या खोलीवर हक्क सांगणाऱ्याचा सत्कारच करायला हवा. पण मी म्हणालो, "बघूया."

"बघूया म्हणजे नाय," तो म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी त्यानेच आमोणे गावातल्या स्वतःच्या घराची चिठ्ठी दिली, म्हणून प्रवेशही तिथल्याच शाळेत मिळाला. आता ती मुलगी रोज सकाळी समोरची शाळा मागे टाकून त्याच्या रिक्षातून आमोण्याच्या शाळेत जाते. माझ्या दारावरून जाताना तो पूर्वीसारखीच मोठ्याने हाक मारतो. फक्त 'भाऊ' म्हणत नाही, 'मालक' म्हणतो.