सड्याच्या पोटातलं पाणी

शेजारच्या बांधकामावर गवंडी जांभ्याच्या चिऱ्यांवर पाणी मारतो, तेव्हा तापलेल्या दगडाचा वास घरभर येतो आणि मला लग्नानंतरचा पहिला मे महिना आठवतो. मी सावंतवाडीकडची, पेडण्यात नवी सून होते. सासरे तापाने फणफणले होते आणि विहिरीत नुसता गाळ उरला होता.

थोरल्या जाऊबाईंनी कळशा घेतल्या आणि मला सड्यावर, गावामागच्या उघड्या खडकाळ पठारावर नेलं. नजर पोचेल तिथवर काळा, करपलेला जांभा होता. गवत नाही, सावली नाही. मला रडूच आलं.

"वैनी, हय खय पाणी मेळतला?"

"चल गो. पाण्यावरसूनच चलतंस तू," त्या म्हणाल्या.

सड्याची कड उतरलो आणि एकदम गार वारा अंगावर आला. खडकात वाकून शिरण्याएवढी कपार होती. आतल्या काळोखात दगडातून मनगटाएवढी धार पडत होती.

"पावसात सडो पाणी पिता," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आणि आमका मे म्हयन्यात दिता."

मी ओंजळ धरून घोट घेतला. दात शिवशिवले. कळशी भरायची सोडून मी वर बघत राहिले. आत्ता ज्या रखरखीत खडकावरून रडत आले होते, तोच डोक्यावर होता, ओला आणि पाझरणारा.

रात्रभर त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. पहाटे सासऱ्यांनी पेज मागितली.

तेव्हा मला फक्त पाणी मिळाल्याचा आनंद होता. आता घरात नळ आहे, पण सड्यावर पाऊल टाकण्याआधी मी वाकून दगडाला हात लावते.