गवईकाकांचे थांबे

गवईकाका चालायला निघाले की पहिला पूल येण्याआधीच बसायला जागा शोधू लागत. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अमरावती-चिखलदरा गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, त्यामुळे त्या रस्त्यावरचं झाडन् झाड काचेतून ओळखीचं. आता ते एकेका झाडाखाली खरोखर जाऊन बसत. “याच्याखाली बसाचं राहूनच गेलं होतं,” म्हणत आणि चपला काढत. चपला निघाल्या की अर्ध्या तासाची निश्चिंती.

अमरावतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकू वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. माझं तर लग्नच झालं नाही. त्यामुळे रविवार आला की आम्ही दोघे चालत सुटायचो. मी मोबाइलवर किलोमीटर मोजणारा. ठरलेला आकडा गाठल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे. काका म्हणत, “त्या मोबाइललेही बसव जरा. दमला असंन तो.”

पुढे मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी एकदा चिखलदरा पायी गाठू, असं काका स्वतःच म्हणाले. मी हौसेनं बेत आखला: तीन दिवस चालायचं, वरून बसनं परत. चौथ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन येणार होता, म्हणजे ही एकच संधी.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आसेगावच्या पुढे एका संत्र्याच्या बागेत नवसाचे रोडगे होते. काकांच्या गाडीनं कधीकाळी शाळेत गेलेल्या एका बाईनं त्यांना ओळखलं आणि हात करून जेवायला बोलावलं. रोडगे भाजायच्या गोवऱ्या नुकत्याच पेटल्या होत्या, त्यांची कणीक अजून परातीत होती. इथं बसलो तर चिखलदरा विसरा, हे मी काकांना रस्त्यातच समजावून सांगितलं.

“सुधीर,” ते म्हणाले, “याच वळनावर पोट्टे हात दाखवत, अन् मी टायमापायी गाडी दामटत जाओ. आज मले कोनी हात दाखवला, तं थांबू नोको काय?”

आणि त्यांनी चपला काढल्या. मी फुगून बसलो, पण रोडगे आणि वांग्याच्या भाजीपुढे राग किती टिकणार! ऊन उतरेपर्यंत काका तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही कसेबसे परतवाड्याला पोचलो. समोर डोंगर दिसत होता. तिथूनच अमरावतीची बस धरली.

घरी आल्यावर काका आपल्या दाराकडे गेलेच नाहीत. माझ्या ओट्यावर बसून राहिले. काकू गेल्यापासून स्वतःच्या हातानं कुलूप उघडणं त्यांच्या जिवावर येई. वाटेत जागोजागी त्यांचं बसणं कशासाठी, ते मला त्या दिवशी उमगलं आणि फार वाईट वाटलं.

हल्ली मी एकटाच चालतो. परवा त्यांचा फोन आला. मुलानं पावलं मोजणारं घड्याळ दिलंय, सोसायटीत चकरा मारून रोजचा आकडा पुरा होतो, पण वाटेत कोणी हाक मारत नाही, असं सांगत होते. मग माझी चौकशी केली. मी म्हटलं, आता न थांबता चालतो, नऊ वाजायच्या आत घरी परततो.



“इतक्या लवकर घरी येऊन करतं काय तू?” त्यांनी विचारलं.