पाच माणसांत बोललेलं

नत्थुजीचा देवीदास हा काही नाव काढलेला माणूस नव्हे. अमरावतीहून चार कोसांवरच्या खेड्यात जन्मला, शाळा शिकला, पुढे कचेरीत कारकुनी केली आणि साठीच्या आतच गेला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एकच आहे. सोळाव्या वर्षी त्यानं एक निबंध लिहिला, फार सुंदर लिहिला, आणि त्यापायी सख्ख्या बहिणीच्या जन्माचं वाटोळं झालं. कुणाला हे झोंबलं तर झोंबो, मी काही ते गोड करून सांगणार नाही.

तो काळ कापसाचा. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. ज्याच्या घरी कालपर्यंत ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या. नत्थुजीनं लाल पगडी घेतली, बसायला बैलांची दमणी घेतली आणि धाकट्या लेकाला अमरावतीच्या सरकारी शाळेत घातलं. पैसा आला तसा ताठाही आला. ज्यांच्या आज्या शेणाच्या पाट्या वाहून म्हाताऱ्या झाल्या, त्यांना आता सुना विहिरीवर गेलेल्या खपेनात.

नत्थुजीची मोठी लेक मनकर्णा. लग्न होऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच नवरा पटकीनं गेला. मूल नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली. तिचं वय तेव्हा वीस. यात कुणी फार रडत बसावं असं काही नव्हतं, कारण कुणब्यांत पाट लावण्याची रीत होती. विधवेनं दुसरा घरोबा करायचा, चार सोयऱ्यांनी जेवायचं, झालं. खुद्द नत्थुजीची आई पाटानंच या घरात आली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. अचलपूरकडचा किसन नावाचा बिजवर होता, पदरात तीन वर्षांची पोर होती. त्याच्या माणसांनी मागणी घातली आणि दसऱ्याला नत्थुजीनं घरच्या घरी होकार दिला. माघाच्या वद्यात पाट लावायचं ठरलं. मनकर्णेनं तेव्हापासून त्या न पाहिलेल्या पोरीसाठी दोन झबली शिवली होती. देवीदास सुट्टीला आला की ती त्याला विचारी, किसनच्या गावाची नदी उन्हाळ्यात आटते का. हा आपला कधीतरी विचारून सांगतो म्हणे आणि विसरून जाई.

शाळेत पंतोजी होते केशवराव, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. पोरांनी नुसतं पाठ करू नये, डोकं चालवावं, असं त्यांना वाटे. मार्गशीर्षात साहेब परीक्षेला यायचा होता. केशवरावांनी विषय काढला, विधवांचे पुनर्विवाह व्हावे की नाही. पुण्यामुंबईकडे यावर मोठी रणं पेटली होती. केशवरावांनी आपल्या पगडीत दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन हुशार पोरांना उचलायला लावल्या; ज्याला जी बाजू येईल तिच्यावर त्यानं निबंध लिहून साहेबापुढे बोलायचं. ‘व्हावे’ ही चिठ्ठी आली एका ब्राह्मण कारकुनाच्या मुलाला. त्याच्या घरी तेरा वर्षांची बहीण केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली. ‘न व्हावे’ आली देवीदासाला.

देवीदासाला पहिल्या दिवशी काही सुचेना. त्याच्या मनात उलटंसुलटं सुरू झालं. पाट हे पाप असेल तर आजी पापी. आजी पापी असेल तर बाप कोण, आणि मी कोण? बरं, पाप नसेल तर पोथ्यांत लिहिलेलं सगळं खोटं म्हणायचं का? एखादी गोष्ट गावात सगळेच करतात म्हणून चांगली, की एखाद्या थोर माणसानं लिहून ठेवली म्हणून चांगली? आणि ज्या बाईचा प्रश्न, तिनं काय करावं, हे दोन पोरांनी साहेबापुढे उभं राहून का ठरवायचं? असे चांगले प्रश्न होते त्याचे. एकदा तो धीर करून केशवरावांकडे गेला आणि म्हणाला की मला हे पटत नाही. केशवराव हसले. वादात पटण्याचा प्रश्न नसतो, वकील का स्वतःला पटतं म्हणून बोलतो, असं त्यांनी समजावलं. पोराला ते मोठं शहाणपणाचं वाटलं. प्रश्न गेले बाजूला आणि लिहायला गंमत येऊ लागली. बाईचं मन, कुळाची अब्रू, मेलेल्याची आठवण, असं काय काय लिहिलं त्यानं. शेवटी तर लिहिलं की आमच्या अडाणी जातींत ही जी रीत आहे तिनं माणूस गुरांच्या पायरीवर येतो, आणि शिकलेल्यांनी ती आधी आपल्या घरातून काढावी. अरे लेका, आजीच्या मांडीवर वाढलास ना तू? पण हात थांबला नाही.

परीक्षेच्या दिवशी नत्थुजी लाल पगडी घालून पहिल्या रांगेत. शेजारी गावचे उकंडराव पाटील. देवीदास खणखणीत बोलला. साहेबानं मान डोलावली, केशवरावांनी डोळे पुसले, आणि बक्षिसाचं पुस्तक त्याच्या हातात आलं. नत्थुजीला निम्मं कळलं नव्हतं. पण पाट वाईट, शिकलेल्यांनी तो घरातून काढावा, एवढं नीट कळलं होतं.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे तेव्हा कागदाला फार किंमत नव्हती. बांधाचा तंटा असो की सोयरिकीचा, माणूस पारावर उभा राहून पाच माणसांत बोलला की तो त्याचा शब्द. त्यासाठी लोकांनी वावरं सोडली, भाऊ सोडले. मनात एक असताना दुसरंच ठासून बोलायचं आणि त्याला विद्या म्हणायचं, हे त्या माणसांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. परतीच्या वाटेवर दमणीतच उकंडराव म्हणाले, नत्थुजी, तुझ्या पोट्ट्यानं साहेबापुढे तोंड उघडलं, आता तुझ्याच घरी पाट लागला तर पोट्टं खोटं पडते. शिवाय आपण आता काही पहिल्यासारखे राहिलो नाही. घरी आल्यावर नत्थुजीनं बायकोला, पार्वताबाईला, सांगितलं की अचलपूरला निरोप धाडतो, पाट होणार नाही.

देवीदास बापाच्या मागे मागे फिरला. बाबा, ते नुसतं बोलायचं होतं, चिठ्ठीत ती बाजू आली म्हणून बोललो, दुसरी आली असती तर दुसरं बोललो असतो. नत्थुजी ऐकता ऐकता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

“म्हंजे तू पाच माणसांत खोटं बोलला?”

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, खरं म्हणावं तर खरं नव्हतं. आणि जे होतं त्याला बापाच्या बोलीत शब्दच नव्हता.

माघ लागला आणि मारुतीच्या पारावर जात बसली. उकंडरावांनी ठरावच मांडला, आजपासून आपल्या बारा घरांत पाट बंद. देवीदास उभा राहिला. म्हणाला, शाळेत बोललो ते मनातलं नव्हतं, पाट ही आपली चांगली रीत आहे, माझी आजी पाटाची होती आणि तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही, माझ्या बहिणीचा हक्क बुडवू नका. खरंच चांगलं बोलला, निबंधाहून कितीतरी चांगलं. नत्थुजी खाली मान घालून बसला होता. उकंडरावांनी शांतपणे विचारलं,

“साहेबापुढे बोलला थे खोटं होतं का?”

“हो.”

“एका पुस्तकासाठी?”

देवीदासानं बापाकडे पाहिलं.

“मंग आज तू कायच्यासाठी बोलून राहिला, हे आमाले कसं समजावं?”

झालं. ठराव पास झाला. आपण खरं बोललो आणि तरी त्याला काडीची किंमत नाही, हे दुःख देवीदासानं पहिल्यांदा सोसलं.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाप वावरात गेल्यावर त्यानं छकड्याला बैल जुंपले आणि मनकर्णेला हाक मारली. चल म्हणाला, तुला अचलपूरला नेऊन घालतो, किसनच्या पायावर डोकं ठेवतो, मग काय व्हायचं ते होवो. मनकर्णा कापूस निवडत ओट्यावर बसली होती. तिनं हात थांबवला नाही.

“बाप येणार नाई, जात येणार नाई. मंग थो पाट होईन का? लोक मले ठेवलेली म्हणतीन.”

देवीदास म्हणाला, म्हणू दे. मी शिकलेला आहे, मी तुझ्या पाठीशी उभा राहीन. तेव्हा तिनं मान वर केली.

“देवीदास, तू साहेबापुढे बोलला, थे माह्यावरच बोलला. पारावर बोलला, थे बी माह्यावरच. आज गाडी जुपून आला. एक डाव तरी मले इचारलं का, बाई, तुले काय पाह्यजे?”

खरंच विचारलं नव्हतं. मग त्यानं विचारलं. मनकर्णा म्हणाली, आता विचारून काय होते बाप्पा, बैल सोड, ऊन लय हाये. तिनं कापसाची पाटी उचलली आणि आत गेली. चैत्रात किसननं दुसरीकडे घरोबा केला, आणि मोडलेल्या सोयरिकीच्या मनकर्णेला पुन्हा कुणी मागणी घातली नाही.

आणि कापसाचा तो भाव टिकला किती? पुढच्याच वर्षी तिकडली लढाई मिटली आणि भाव असा कोसळला की शेंब्या, पगड्या, दमण्या सगळं आलं तसं गेलं. ताठा तर त्याच्याही आधी गेला. चौथ्या वर्षी उकंडरावांचीच भाची विधवा झाली आणि सहा महिन्यांत तिचा पाट ठरला. ठरावाचं कुणी नाव काढलं नाही. मोडला असंही कुणी म्हटलं नाही. साऱ्या गावाला जेवण होतं. देवीदास बापाशेजारी पंगतीत बसला होता. पार्वताबाई, मनकर्णा आणि आणखी दोघी वाढत होत्या. कुणीतरी त्या परीक्षेची जुनी आठवण काढलीच. नत्थुजी ओशाळला आणि म्हणाला,

“त्या साली पोट्टं शायनं झालं होतं, अन् त्याच्या मागं आमी बी झालो.”

पंगत हसली. वरणाचं भांडं हातात धरून मनकर्णाही हसली, सगळ्यांसारखीच, अगदी मोकळं. तिनं देवीदासाच्या पानात वरण वाढलं आणि पुढे गेली.